जावयाचं भाडं

दहा फेब्रुवारी, मंगळवार, सकाळचे अकरा. रक्कम महिना चार हजार रुपये. हजर माणसं : महापालिकेच्या मालमत्ता विभागातल्या एक मॅडम, त्यांच्यासोबत आलेला कारकून, आमच्या सोसायटीचा वॉचमन, सोडतीच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे जावई आणि पंच म्हणून मी. जावयांची बायको, म्हणजे त्या घरची मुलगी, दाराआड उभी होती. तिला हजर धरायचं की नाही, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

चार हजार हा आकडा जावयांनी सांगितला. मॅडमनी विचारलं होतं, "हे घर ज्या बाईंना मिळालं, त्या कुठे आहेत?"

"सासूबाई बाहेरगावी गेल्यात."

"मग तुम्ही इथे कसे?"

"भाड्यानं राहतो मॅडम. फुकट नाय राहत. चार हजार देतो महिन्याला."

कारकुनाने ते लिहून घेतलं. मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला. आपण काय बोलून बसलो हे जावयांना कळलं नव्हतं. मला कळलं होतं, आणि पहिल्यांदा मला बरं वाटलं. का वाटलं, हे सांगायचं तर मागे जावं लागेल.

त्या घराची मालकीण आणि मी अकरा वर्षं शेजारी होतो. मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनच्या अलीकडे एकाच मालकाच्या एका रांगेत सहा खोल्या आहेत. दोन नंबरची माझी, तीन नंबरची त्यांची. मधली भिंत इतकी पातळ की तिकडे भाकरी थापली की इकडे कळायचं. मी एका खासगी शाळेच्या कार्यालयात हिशेब बघतो. वहिनी एका हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायच्या. मी त्यांना वहिनी म्हणतो, त्या मला भाऊ. त्यांच्या नवऱ्याची मेंढरं. दिवाळी झाली की तो आणि त्याचा भाऊ कळप घेऊन पैठणच्या बाजूला कॅनॉलच्या रानात उतरायचे, लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायचे आणि पाऊस लागायच्या बेताला परतायचे. अकरा वर्षं आम्ही दोन्ही घरांनी पाच तारखेला एकाच माणसाच्या हातात भाडं ठेवलं. तोवर आमची बरोबरी होती.

मग स्टेशनच्या पलीकडे नवा प्रकल्प आला. नियम असा, की बिल्डरने मोठी इमारत बांधली तर त्याच आवारात काही लहान घरं कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी बांधायची. ती महापालिका ठरलेल्या किमतीत सोडत काढून देणार. ज्याला मिळालं त्यानेच राहायचं. पाच वर्षं विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, आणि खरोखर कोण राहतं ते महापालिकेची माणसं येऊन तपासणार. आम्ही दोघांनी अर्ज आणले. अटींची पानं मी वहिनींना मोठ्याने वाचून दाखवली. त्यातलं 'भाड्यानं द्यायचं नाय' एवढं त्यांच्या पक्कं ध्यानात राहिलं.

त्या वर्षी माझ्या पगारात मागचा फरक जमा झाला होता. अर्ज करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी उत्पन्नात तो धरला नाही. मी धरला, कारण तो मला मिळाला होता. माझं उत्पन्न मर्यादेच्या सतरा हजारांनी वर गेलं आणि अर्ज बाद झाला. वहिनींचा अर्ज सोडतीत गेला आणि त्यांचा नंबर लागला.

मी त्याच आवारातल्या मोठ्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, बाजारभावाने फ्लॅट घेतला.

"वहिनींच्या समोरच घ्यायचाय का?" बायकोने विचारलं होतं.

"स्टेशन जवळ आहे," मी म्हणालो.

"आपण रेल्वेनं कुठं जातो?"

माझा फ्लॅट सहाशे दहा चौरस फूट, चौतीस लाख. वहिनींचं घर तीनशे वीस, नऊ लाख. माझ्या एका फुटाच्या पैशात त्यांचे जवळजवळ दोन फूट येतात. सिमेंट एक, वाळू एक, गवंडी एक. फरशीसुद्धा एकाच ट्रकमधून उतरली. मी उभा राहून बघितली होती. हे गणित मी इतक्या वेळा केलंय की आता कागद लागत नाही.

त्यात पाणी. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आलं तर आठवड्याने, नाहीतर त्याच्याही नंतर. आमच्या आवाराला उतार आहे. बिल्डरने लहान घरं मागे उतारावर टाकली, कारण रस्त्याकडची जागा चढ्या भावाने विकायची होती. झालं उलटं. पाणी आलं की आधी उताराला जातं. वहिनींच्या ड्रममध्ये मोटार न लावता मनगटाएवढी धार पडते. आमच्या टाकीत तेवढ्यात हवा येते आणि मग टँकर मागवावा लागतो. पाण्याच्या दिवशी वहिनी ड्रम भरायच्या, उंबरा धुवायच्या, मागच्या हातभर जागेत लावलेल्या मेथीला पाणी द्यायच्या आणि वर बघून हाक मारायच्या, "भाऊ, दोन घागरी पाठवू का?"

त्या मनापासून विचारायच्या. मला ते आवडायचं नाही.

"अहो, किती वेळ खाली बघणार?" बायको आतून म्हणायची.

"टँकर आला का बघतोय."

"टँकर पुढच्या गेटनं येतो. ही मागची गॅलरी आहे."

यंदा दिवाळी झाल्यावर वहिनींचा नवरा पैठणकडे एका वावरात बांधावरून घसरला आणि पाय मोडून बसला. दिराच्या एकट्याने कळप आवरेना. वहिनींनी मेसमधून रजा घेतली. अडचण घराची होती. त्यांच्या घराण्यात अशी रीत आहे, की नव्या घरात पहिलं वर्ष संध्याकाळचा दिवा चुकू द्यायचा नाही. अंधारात राहिलेलं घर माणसाला धरून ठेवत नाही, असं त्या म्हणाल्या.

"मग कुलूप लावून जाऊ नका," मी म्हणालो.

"नवऱ्याचा पाय मोडलाय भाऊ. जावं तर लागतंय."

शेवटी त्यांनी पाचोडकडे दिलेल्या मुलीला आणि जावयांना बोलावून घेतलं. जावयांना शेंद्र्याच्या एका कारखान्यात कंत्राटी काम लागलंच होतं आणि ते रोज गावाहून येऊन-जाऊन दमले होते. दिव्याची सोय झाली, नोकरीची झाली. जावयांच्या मानाची तेवढी झाली नाही. सासरच्या घरात राहायला आलेल्या जावयाला लोक एकाच शब्दाने ओळखतात. तो शब्द कुणी तोंडावर बोलत नाही, पण तो बोलला जातोय हे त्या माणसाला कायम ऐकू येत असतं.

आठ दिवसांत वॉचमनने मला गेटवर थांबवलं. तो शहागंजकडचा, सगळ्या आवाराची खबर ठेवणारा. "साब, वो नीचेवाले दामाद मुफ्त में नै रहते बोलरे. सास कू किराया देते कते. दो हजार."

पुढच्या आठवड्यात किराणा दुकानदार सामान बांधता बांधता म्हणाला, "खालचे पाव्हणे अडीच हजार देतेत म्हणं सासूला. आजकाल कोण देतंय?"

मग एकदा जावईच मला पार्किंगमध्ये भेटले. मी काहीच विचारलं नव्हतं. स्कूटरचं स्टँड लावता लावता ते म्हणाले, "तीन हजार देतो काका. सासू असली म्हणून काय झालं? व्यवहार म्हणजे व्यवहार."

मी वर आलो आणि बायकोला हिशेब सांगितला. वहिनींच्या कर्जाचा हप्ता पाच हजारांच्या आत-बाहेर. त्यातले तीन हजार जावई भरणार. म्हणजे महिना दोन हजारांत घर. शिवाय पाणी, शिवाय मेथी. आणि आपला हप्ता बावीस हजार सहाशे चाळीस.

"मग तुम्ही पण एक जावई शोधा," बायको म्हणाली.

"आपल्याला मुलगा आहे."

"मग सून भाडं देती का बघा."

ती हसली. मी हसलो नाही. ज्या अटी मी स्वतः वाचून दाखवल्या, त्यातली एकच त्यांच्या ध्यानात राहिली होती आणि नेमकी तीच त्यांनी मोडली, याचा मला राग आला होता. खरं सांगायचं तर, आपल्याला मोडायला मिळाली नाही याचा जास्त. तक्रार मी केली नाही, हे इथे लिहून ठेवतो. तक्रारीची गरजही पडली नाही. जानेवारीच्या अखेरीला नोटीस लागली, की सोडतीच्या घरांत मूळ माणसंच राहतात का हे महापालिकेचं पथक बघणार आहे आणि सोसायटीने एक पंच द्यावा. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही हिशेबी माणूस. तुम्हीच थांबा."

तर अशा रीतीने मी त्या दारात उभा होतो.

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "अटी माहीत आहेत ना तुम्हाला? घर भाड्याने दिलं तर वाटप रद्द होतं. कापून उरलेले पैसे परत मिळतात आणि घर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला जातं."

जावयांनी आधी मॅडमकडे बघितलं, मग वॉचमनकडे. माझ्या मते अडचण वॉचमनची होती. मॅडम एकट्या असत्या तर ते तिथल्या तिथे फिरले असते. पण ज्या माणसाला आपण भाडं देतो म्हणून सांगितलं, त्याच्यासमोर नाही म्हणायचं कसं? त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "आता... देतो म्हणजे देतो."

आत बांगड्या वाजल्या. बाहेर कुणी आलं नाही.

कारकुनाने कागद माझ्याकडे सरकवला. "पंचांनी वाचून सही करा." मी वाचलं. 'सदर घरात जावई रुपये चार हजार मासिक भाड्याने राहत असल्याचे त्यांनी समक्ष सांगितले.' वाक्य खरं होतं. त्यांनी तसं सांगितलं होतं आणि मी ऐकलं होतं. माझ्या सहीने एक नऊ लाखांचं घर उतारावरून निघून जाणार होतं, आणि गॅलरीतून खाली बघायचं काही कारण उरणार नव्हतं. मी पेनाचं टोपण काढलं.

पण चार हजारांपाशी माझी नजर अडकली. वॉचमनला दोन, दुकानदाराला अडीच, मला तीन, मॅडमना चार. समोरचा माणूस जेवढा मोठा, तेवढं भाडं मोठं. कमिशनर आले असते तर पाच झालं असतं. भाडं भरणारा माणूस बाकी सगळं विसरेल, आकडा विसरत नाही. मुकुंदवाडीच्या खोलीचं भाडं कोणत्या वर्षी कितीने वाढलं, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. अकरा वर्षं मी दुसरं काही केलं नाही, पाच तारखेची वाट बघितली.

मी म्हणालो, "पाव्हणे, कोणत्या तारखेला देता?"

"महिन्याला देतो की."

"तारीख?"

"पगार झाला की."

"लाईट बिल त्यातच, का वेगळं?"

त्यांनी वर बल्बकडे बघितलं. "त्यातच," ते म्हणाले. मग म्हणाले, "वेगळं."

"डिपॉझिट किती ठेवलं?"

त्यांनी मागे दाराकडे बघितलं. मी पेनाला टोपण लावलं. "मॅडम, हे भाडं देत नाहीत. एक पैसा देत नाहीत. घरजावई आहेत."

'देत नाहीत' एवढ्यावर भागलं असतं. शेवटचा शब्द कुणी मागितला नव्हता. पण ताबा मिळाला त्या दिवसापासून मी त्या घरात काहीतरी उणं शोधत होतो. भिंतीला चीर नव्हती, छताला ओल नव्हती. शेवटी सापडलं ते एवढंच.

वॉचमन गेटकडे बघायला लागला. जावई खाली बघत राहिले. तेवढ्यात मुलगी दाराबाहेर आली, तेव्हा ती निश्चित हजर झाली. डोक्यावरचा पदर नीट करत ती म्हणाली, "खरंय मॅडम. आईनं दिवा लावायला ठेवलंय आम्हाला. यांनी दोनदा पैसे काढले खिशातनं. तिनं हात मागं घेतला."

"मग चार हजार का सांगितले?"

"येणारा-जाणारा विचारतो तर काय सांगतील मग? दिवा लावतो म्हणून?"

मॅडमनी माझ्या हातातला कागद घेऊन पुन्हा वाचला. मग त्यांनी कारकुनाला सांगितलं, "याच्याखाली मुलीचा जबाब घ्या. मूळ बाईंना आठ दिवसांत कार्यालयात बोलवा." मी दोन्हींच्या खाली सही केली.

वहिनी शुक्रवारी पैठणच्या बसने आल्या. अंगाला मेंढरांचा वास, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी गुळाची ढेप. कार्यालयात त्यांच्यासोबत मीच गेलो. कागद वाचायला कुणीतरी हवं होतं. मॅडमनी त्यांना समजावून सांगितलं, की लग्न झालेली मुलगी अर्जातल्या कुटुंबात धरत नाहीत. पण भाडं घेतलेलं नाही, म्हणून वाटप रद्द होणार नाही. मात्र एवढे दिवस घर दुसऱ्याच्या हाती ठेवताना लेखी कळवायला हवं होतं, त्याचा दंड. आणि महिन्याभरात स्वतः परत येऊन राहीन, असं हमीपत्र.

वहिनींनी अंगठा न करता सही केली. सावकाश, पण पूर्ण नावाने. मग विचारलं, "मॅडम, तोवर शेजारणीनं येऊन नुसता दिवा लावला, तर ते भाड्यात धरत्यात का?"

कारकून हसला. मॅडम हसल्या नाहीत. "दिव्याचं काही धरत नाहीत मावशी. पण राहायला कुणाला ठेवू नका."

बाहेर रिक्षाची वाट बघताना वहिनी म्हणाल्या, "भाऊ, घर राखलंत माझं. अन् जावई घालवलात."

"मी खरं तेच बोललो."

"खरं बोललात व्हय. पण लई चवीनं बोललात, पोरगी सांगायली."

मी रिक्षाला हात केला. त्यांनी गुळाची ढेप मात्र परत घेतली नाही.

रविवारी जावई गेले. एका रिक्षात सामान, मागे स्कूटरवर ते दोघं. वहिनी दारात उभ्या होत्या. "पाव्हणं, चहा तरी घ्या," त्या म्हणाल्या. जावयांनी हात जोडले, चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी नवऱ्याला आणायला पैठणकडे परतल्या. जाताना किल्ली माझ्या बायकोकडे दिली. बायकोचे गुडघे दुखतात आणि आमची लिफ्ट वरचेवर बंद असते. म्हणून दिवा लावायचं काम माझ्याकडे आलं.

रोज संध्याकाळी मी खाली उतरायचो. कुलूप काढायचो, देवळीत वात लावायचो आणि वात नीट धरेपर्यंत बसायचो. घर थंड होतं. मागची खिडकी उघडली की मेथीवरून वारा यायचा. आमच्याकडे त्या वेळी भिंती तापलेल्या असतात. फरशी तीच होती, माझ्याच घरातली, निम्म्या भावाची. मी त्यावर चप्पल काढून बसायचो. वात धरायला दोन मिनिटं लागतात. मी अर्धा तास बसायचो.

एका संध्याकाळी मी तिथे असतानाच पाणी आलं. नळ आधी खोकला, मग धार सुरू झाली. मी ड्रम त्याखाली ओढला. एक भरला, दुसरा भरला, मेथीला पाईप लावला. वरून बायकोने हाक मारली, "आपल्याकडं थेंब नाय. येताना घागरभर आणा." मी नळ बंद केला, कुलूप लावलं आणि रिकाम्या हाताने वर गेलो. एक घागर आणली असती तर वहिनींना आनंदच झाला असता. म्हणूनच आणली नाही.

वहिनी महिना भरायच्या आत नवऱ्याला घेऊन परतल्या. तो काठी टेकत आला, आणि आता मागच्या जागेत खाट टाकून बसतो. तोही वर बघून हाक मारतो.

शेवटी दिलं-घेतलं ते असं. दंडाचे एक हजार रुपये वहिनींनी महापालिकेच्या कार्यालयात भरले. गुळाची ढेप सोडली तर मला कुणी काही दिलं नाही आणि मीही कुणाला दिलं नाही, टँकरवाल्याचे आठशे सोडून.

जावई मला मागच्या महिन्यात मुकुंदवाडीच्या रस्त्यावर भेटले. त्यांनी आमच्याच जुन्या रांगेत खोली घेतली आहे. तीन नंबरचीही रिकामी होती, पण ती सासऱ्यांची म्हणून त्यांनी घेतली नाही. दोन नंबरची घेतली, म्हणजे माझी. मी विचारलं नव्हतं. गाडी थांबवून ते स्वतःच बोलले, माझ्या डोळ्यांकडे बघून, एकदाही न अडखळता.

"तीन हजार दोनशे. पाच तारखेला. लाईट बिल वेगळं. डिपॉझिट दहा हजार."

मी सोडली तेव्हा ती एकोणतीसशे होती. दर पाच तारखेला जावई हे तीन हजार दोनशे रुपये त्याच घरमालकाच्या हातात ठेवतात.